टायची गाठ आणि बापाचा धंदा

बारावीचे निकाल हातात आले की पाथर्डीत दोन ठिकाणी गर्दी लोटते: बी-बियाण्यांच्या दुकानांत आणि ‘करिअर मार्गदर्शन’ शिबिरांत. दुकानदारांशी माझं भांडण नाही. पिशवीत काय आहे ते निदान पिशवीवर छापलेलं तरी असतं. भांडण शिबिरांशी आहे.

शिबिराचा साचा ठरलेला. मंगल कार्यालय, मागे भलामोठा फ्लेक्स, पुढाऱ्यांच्या सत्कारात गेलेला पहिला तास, आणि मग नगरहून किंवा पुण्याहून आलेले वक्ते. ‘कॉलेज प्रवेशाची मुलाखत कशी द्यावी’ हा त्यांचा हातखंडा विषय. मुलाखतीचा निकाल पहिल्या तीस सेकंदांतच लागतो, हे पहिलं वाक्य. मग यादी. मुलांनी फिकट फुल शर्ट, गडद पँट, काळे बूट, टाय आणि जमलं तर ब्लेझर घालावा. मुलींनी साधा सलवार-कुर्ता घालावा, केस घट्ट बांधावेत, हातातल्या काचेच्या बांगड्या काढून ठेवाव्यात. हस्तांदोलन जोरकस हवं. ‘गावाकडचं बोलणं’ चपलेसारखं दाराबाहेर काढून आत जावं. आणि शेवटी आवाज जरा खाली आणून, आपुलकीने: घरची परिस्थिती फार उघडी करू नका, वडील ऊसतोडीला जात असतील तर सरळ ‘शेती’ सांगा.

यातलं जे खरं आहे ते आधीच मान्य करून टाकतो, म्हणजे पुढे कोणी तेच माझ्या तोंडावर फेकायला नको. धुतलेले, इस्त्री केलेले कपडे घालावेत. नखं कापावीत. अर्धा तास आधी पोचावं, मोबाइल बंद ठेवावा. कागदपत्रं अर्जात मागितलेल्या क्रमाने फाइलीत लावावीत. समितीपुढे बसून दहावीचं गुणपत्रक हुडकणारं पोर स्वतःच्याच चाळवाचाळवीने घाबरतं. हे सगळं सांगायला पाच मिनिटं पुरतात. उरलेल्या दोन तासांत जे पेरलं जातं त्याला माझा विरोध आहे.

मुळात प्रवेशाची मुलाखत असते कुठे? अकरावीचे प्रवेश 2025 पासून राज्यभर ऑनलाइन यादीने होतात. इंजिनिअरिंग, फार्मसी, कायदा यांना सीईटी आहे, डॉक्टरकीला नीट. आठवीपर्यंतच्या शाळाप्रवेशासाठी मुलाला किंवा त्याच्या आईबापांना मुलाखतीला बसवणंच बेकायदा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 13 व्या कलमात त्यासाठी पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. म्हणजे मंगल कार्यालयात बसलेल्या बहुतेक पोरांना ज्या खोलीची भीती घातली जाते, त्या खोलीत त्यांना कधी जावंच लागणार नाही.

ज्यांना जावं लागतं त्यांची ठिकाणं मोजकी, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. छत्रपती संभाजीनगरची एसपीआय ही राज्य सरकारने 1977 मध्ये काढलेली संस्था. दहावीनंतर लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन मुलं निवडते आणि त्यांना एनडीएसाठी तयार करते. मुलींसाठी तशीच सोय आता नाशिकला झाली आहे. पुढे एनडीएचं सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड. तिथे लेखीला 900 गुण आणि बोर्डाला 900, पण ते बोर्ड पाच दिवस चालतं. चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, शब्द दाखवून वाक्य मागतात, छातीवर नंबर लावून फळी, दोर आणि पिंप घेऊन मैदानातला अडथळा ओलांडायला लावतात, आणि या सगळ्यात एक मुलाखत असते. तीस सेकंदांत माणूस कळत असता तर लष्कराने पाच दिवस जेवणखाण घालून पोरं कशाला ठेवून घेतली असती?

पुण्याच्या विद्यार्थी साहाय्यक समितीचं उदाहरण तर आपल्या अगदी जवळचं. 1955 पासून ही संस्था खेड्यापाड्यांतल्या गरजू मुलामुलींना शिकण्यासाठी वसतिगृहात जागा देते. अर्ज पाहून, मुलाखत घेऊन. या पोराला खोलीची गरज किती, आणि खोली मिळाल्यावर हे शिकेल का, एवढंच पाहायला ती माणसं बसलेली असतात. त्यांच्यापुढे मावसभावाचा ब्लेझर घालून जायला सांगणाऱ्या वक्त्याने ती संस्था आहे तरी कशासाठी, याची साधी चौकशीही केलेली नसते. आणि साहेबांच्या देशाचंच प्रमाणपत्र हवं असेल तर ऑक्सफर्ड विद्यापीठ आपल्या उमेदवारांना सांगतं की तुम्हाला ज्यात मोकळं वाटेल ते घाला, औपचारिक पोशाखाची गरज नाही. आपल्या मंगल कार्यालयातलं ऑक्सफर्ड मात्र टायशिवाय उघडत नाही.

आता हा उपदेश अंगावर घालून निघालेला एक मुलगा जवळून पाहू. असे किती तरी मी बसस्टँडवर पाहिलेत. पहाटेची पुण्याची एसटी. अंगात आदल्या संध्याकाळी घेतलेला शर्ट, खोक्यातून काढला तसाच. छातीवर घडीच्या उभ्या-आडव्या रेघा, कॉलरीत प्लॅस्टिकची पट्टी राहून गेलेली, कफाजवळ एक टाचणी, जी त्याला करंजी घाटात कळते. टाय इलॅस्टिकचा, गाठ दुकानातच मारलेली. बूट नवे आणि अर्धा नंबर कमी. नगर येईपर्यंत टाच सोलवटते. तिथे गाडी थांबते तेव्हा तो मोज्यात वर्तमानपत्राचा कपटा कोंबतो. वाकडेवाडीला उतरेपर्यंत शर्टाची पाठ घामाने चिकटलेली, आणि डोक्यात एकच विचार: लंगडताना दिसणार तर नाही ना? समितीने पहिला प्रश्न विचारला तेव्हा हे पोर आपल्या टाचेचा विचार करत होतं. मग त्याने उत्तर काय दिलं असेल, ते तुम्हीच ताडा.

त्याच्याच घरी दांडीवर एक शर्ट होता. गॅदरिंगला घातलेला, चार वेळा धुतलेला, खांद्यात बसलेला. तो घालून गेला असता, बदलायला म्हणून एक पिशवीत घेऊन गेला असता, पायात रोजचीच चप्पल पुसून घातली असती, तर काहीही बिघडलं नसतं. वरचे पैसेही वाचले असते. आणि या तालुक्यात असे पैसे कुठून येतात ते मी सांगायला नको.

ते पैसे येतात उचलीतून. पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडचे आष्टी, पाटोदा, शिरूर हा सगळा अवर्षणाचा पट्टा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि ऊन तापल्यावर परततात. नवराबायकोची जोडी मिळून हिशोबात ‘एक कोयता’. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर तोडून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर. अशा घरातलं पोर मुलाखतीच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय ‘शेती’ असं लिहितं, कारण व्यासपीठावरच्या मोठ्या माणसाने तसं सांगितलेलं असतं.

आणि हा सल्ला फसतोही. समोरचा माणूस सहजच विचारतो, शेती किती? तो म्हणतो, दोन एकर. जिरायत की बागायत? यंदा काय होतं? कपाशीला भाव काय मिळाला? पोराने कपाशी विकताना पाहिलेलीच नसते. तो हंगामभर आजीपाशी तरी होता, नाही तर फडावर तरी. दोन प्रश्नांत जीभ अडखळते, कान लाल होतात आणि समितीच्या कागदावर ‘आत्मविश्वास कमी’ अशी नोंद पडते. आत्मविश्वास कमी नव्हता. घरून निघताना दिलेली शिदोरीच नासकी होती.

हेच पोर खरं बोललं असतं तर? मोळी कशी बांधतात, वाढं कोण विकतं आणि त्याचे पैसे कोणाकडे जातात, गाडीसेंटर आणि डोकीसेंटर यांत फरक काय, टनाच्या दरातून मुकादमाचं कमिशन कसं निघतं, उचलीवर लेखी करार नसला की भांडण कुठे जातं, पाचव्या महिन्यातल्या बाईला फडात काय सोसावं लागतं. अर्थशास्त्र, कायदा, समाजकार्य, आरोग्य यांपैकी कोणत्याही विषयाच्या प्राध्यापकाने खुर्ची पुढे ओढून ऐकावं असं ते आहे. ज्या भगवानबाबांचा गड आपल्याच तालुक्यात आहे, त्यांच्या नावाने राज्य सरकारने 2021 मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आणली. म्हणजे सरकारी अर्जावर जो धंदा लिहिल्याने हक्क मिळतो, तोच धंदा कॉलेजच्या अर्जावर झाकायला आपण पोरांना शिकवतोय. तेही टाळ्या घेऊन.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण याच शिबिरांची दुसरी एक जात आहे. ती म्हणते, परिस्थिती चांगली तिखटमीठ लावून सांगा, डोळ्यांत पाणी येऊ द्या. हेही तितकंच वाईट. वसतिगृहाच्या समितीवर बसणाऱ्यांनी दिवसभरात असं रडणं बरंच ऐकलेलं असतं. बापाचं काम हे काम म्हणून सांगावं, जसं वकिलाचा मुलगा वकिली सांगतो तसं. विचारलं तर सविस्तर, नाही विचारलं तर एका वाक्यात.

‘वडील काय करतात’ हा प्रश्न निरुपद्रवी असतो असं मी मुळीच म्हणत नाही. त्याची एक कथा सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे आणि ती प्रत्येक शिबिरात वाचून दाखवावी अशी आहे. 1979 साली श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशासाठी लेखी परीक्षा 100 गुणांची आणि तोंडी 50 गुणांची होती. अजय हसिया आणि इतर काही उमेदवार न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं, आमची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली, आणि त्यात विचारलं काय, तर आईबाप कोण आणि राहता कुठे. अभ्यासात मागे असलेली मुलं मात्र तोंडीच्या गुणांवर पुढे सरकली. नोव्हेंबर 1980 मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला: तोंडी परीक्षेला एक तृतीयांश गुण ठेवणं ही मनमानी आहे, 15 टक्क्यांच्या वर जाऊ नये, शिवाय मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, म्हणजे नंतर कोणाला तपासता येईल.

त्या 50 गुणांची फोड पाहा. सामान्य ज्ञान 15, एखाद्या गोष्टीची व्यापक समज 15, अभ्यासाबाहेरचे उपक्रम 10 आणि ‘सर्वसाधारण व्यक्तिमत्त्व’ 10. म्हणजे न्यायालयाने ज्या मुलाखतीवर ताशेरे ओढले, तिच्यातसुद्धा तुमचे टाय, बूट आणि हस्तांदोलन बसवायचे तर ते 150 पैकी 10 गुणांच्या कोपऱ्यात. समज आणि माहितीला तिप्पट. आपल्या शिबिरात तासांची वाटणी नेमकी उलटी असते. लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीचा बाऊ करणाऱ्यांनाही सांगतो: तिथे 2025 पैकी 275 गुण मुलाखतीचे, म्हणजे 14 टक्क्यांच्याही आत. आणि ती मराठीत देता येते. देशाचा कलेक्टर निवडताना मराठी चालते, मग खासगी विद्यापीठाच्या बी.ए.साठी पोराने मोडकंतोडकं इंग्रजी पाठ करून जावं हा आग्रह कोणाचा? ‘सर, हा मुद्दा मराठीत किंवा हिंदीत सांगितला तर चालेल का?’ एवढं एक वाक्य इंग्रजीत नीट बसवून न्यावं. बहुतेक समित्या हो म्हणतात. नाही म्हणाल्या तर पुढची तीन वर्षं तिथे कशी जातील तेही कळतं.

माझ्या बाजूचा कच्चा दुवा दाखवायचा तर तो बाबासाहेबांच्या नावाने दाखवतात, आणि तो मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना आंबेडकरांनी सांगितलं होतं की जातीची ओळख पटवणारी लुगडं नेसण्याची रीत सोडा, ते दागिने टाका. ते स्वतः सुटाबुटात राहिले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चांगलं नेसूच दिलं नाही, त्यांच्या अंगावरचा कोट हा जिंकलेला हक्क आहे. तो उतरवा म्हणणारा मी कोण? ज्या मुलाला किंवा मुलीला सूट घालून ताठ वाटतं, त्यांनी खुशाल घालावा. पण महाडला सांगितलं ते ‘तुमच्यावर लादलेली खूण फेका’ असं. शिबिरात सांगतात ते ‘तुमचा बाप झाका’ असं. पहिल्याने मान वर होते, दुसऱ्याने खाली जाते. दोन्हींत कापड तेच असलं म्हणून सल्ला एकच होत नाही.

आणि दुसऱ्या टोकाचा दाखला हवा तर आनंदीबाई जोशी. पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला तिने पत्र लिहून अर्ज केला, 1883 मध्ये गेली, 1886 मध्ये डॉक्टर झाली. तिथल्या थंडीपायी नेसण्याची तऱ्हा तेवढी बदलली, लुगडं सोडलं नाही. 1885 चं ते छायाचित्र अनेकांनी पाहिलं असेल: लुगड्यातली आनंदीबाई, किमोनोतली जपानची केई ओकामी आणि आपल्या पोशाखातली सीरियाची तबात इस्लामबुली. तिघींना कॉलेजने त्याच कपड्यांत घेतलं आणि डॉक्टर करून पाठवलं. आज पाथर्डीच्या पोरीला काचेच्या बांगड्या काढायला लावणारे आपण त्या कॉलेजच्याही जवळपास एकशे चाळीस वर्षं मागे आहोत.

‘कपड्यांत काय आहे, हुशारी असली की झालं’ असं म्हणणाऱ्यांच्याही पंगतीला मी बसत नाही. समोरची माणसं देव नसतात. मळका शर्ट दिसतो, घामाचा वास येतो, उशीर खटकतो.

वागण्याबद्दल मात्र जरा थांबून बोललं पाहिजे, कारण तिथे आमच्या पोरांचं खरोखर नुकसान होतं. आमच्याकडे वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणं ही रीत आहे. न विचारता बोलायचं नाही, बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही, उत्तर येत नसेल तर गप्प राहायचं, कारण ‘येत नाही’ म्हटलं की शाळेत छडी बसायची. मुलाखतीत नजर खाली म्हणजे भित्रा, गप्प म्हणजे मठ्ठ. काही पोरं आत गेल्या गेल्या वाकून पाया पडतात आणि समितीवरची बाई अवघडून खुर्ची मागे सरकवते. यातलं एकही वागणं चुकीचं नाही. जागा वेगळी आहे. एवढं नीट सांगितलं तर पोर दोन दिवसांत शिकतं. दारात ‘आत येऊ का’, मग नमस्कार, मग जो विचारतोय त्याच्याकडे बघून बोलणं, प्रश्न समजला नाही तर ‘पुन्हा सांगाल का’, येत नसेल तर ‘हे मला माहीत नाही’ आणि पुढे काही नाही. पण हेच ‘तुमच्या गावंढळ सवयी’ म्हणून सांगितलं की ते घरच्यांचीच लाज घेऊन आत जातं, आणि लाजलेला माणूस कोणाच्याच डोळ्यांत बघू शकत नाही.

मढीच्या यात्रेतला गाढवांचा बाजार आपल्यातल्या कोणी पाहिला नसेल असं नाही. घेणारा गडी जनावराचं तोंड उघडून दात बघतो, खूर उचलून बघतो, चार पावलं चालवून बघतो. पाठीवरच्या रंगाला तो हातही लावत नाही. कॉलेजच्या समितीला एवढी तरी अक्कल असते असं आपण धरून चालायला काय हरकत आहे? आणि नसेल, ती खरोखरच टाय बघून निवडत असेल, तर दोष तिचा आहे, त्याचं प्रायश्चित्त पोराने का घ्यावं? ध्वनिमुद्रण करा असं न्यायालयाने सांगितलं तेव्हा टेपरेकॉर्डर आणावा लागत होता, आज प्रत्येकाच्या खिशात ती सोय आहे. किती संस्था करतात? मुलाखतीला किती गुण आणि ते कशाकशाचे, हे किती जणी आधी छापतात? हे प्रश्न विचारणारा एक तरी वक्ता मला या व्यासपीठांवर ऐकायचा आहे. पण आजचा वक्ता संस्थांना अडचणीत आणणार नाही, कारण पुढच्या वर्षी त्याच संस्थांचा स्टॉल मंडपाबाहेर लागायचा असतो.

शिबिर घ्यायचंच असेल तर माझी एक सूचना आहे. व्यासपीठ, फ्लेक्स आणि सत्कार गाळा. एका वर्गात एक टेबल, तीन खुर्च्या आणि समोर एक खुर्ची मांडा, आणि पोरांना एकेक करून वीस-वीस मिनिटं बसवा, रोजच्या कपड्यांत. अर्जात त्यांनी जे लिहिलंय त्यातल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न विचारा. प्रश्न विचारायला पुण्याहून कोणाला आणू नका. बँकेतले अधिकारी आहेत, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आहेत, लष्करातून परतलेले सुभेदार जवळपास प्रत्येक मोठ्या गावात सापडतील. तिसऱ्या खुर्चीवर एखादा मुकादम बसवा. उलटसुलट विचारून समोरच्याचा हिशोब काढून घेण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात दुसरा कोणी नाही. वक्त्याच्या मानधनात या सगळ्यांचा आठवडाभराचा चहा निघेल.